कम्युनिटी प्रोजेक्ट करायचाय: मोठी आर्ट संस्था बरी की छोटी?

समकालीन कलेच्या ना-नफा संस्थेबरोबर लोकांमध्ये जाऊन काम करायचं तर मोठ्या नावाच्या संस्थेकडे जावं की कलाकारांनीच चालवलेल्या एखाद्या छोट्या जागेकडे, असं हल्ली दोघातिघांनी विचारलं. मी दोन्हीकडे एकेक प्रोजेक्ट केलाय, बस एवढीच माझी पुंजी, त्यामुळे पाहणीबिहणी समजू नका. ओपन कॉल, प्रपोजल, ज्युरी हे सगळं माहीत असेलच असं धरतो.

मोठीचं चांगलं आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे. इन्स्टॉलेशनला तयार टीम, लाइट्स नीट, कामाचा इन्शुरन्स, दारात रॅम्प, व्हिडिओला सबटायटल्स. छोटीकडे मी स्वतः शिडीवर चढून भिंतीला ड्रिल मारलंय, आणि ईमेल टाकला की उत्तराला आठवडा, कारण माणसं तीन आणि तिघंही पोटापाण्यासाठी दुसरीकडे कामाला. शिवाय सीव्हीवर मोठीचं नाव दिसतं, त्याचा उपयोग होतो, उगाच नाही कशाला म्हणा.

समतेच्या स्टेटमेंटमध्येही मोठीच पुढे. वेबसाइटवर भलंमोठं पान, उपेक्षित समाजातल्या कलाकारांना प्राधान्य, सर्वांसाठी खुली जागा वगैरे, आणि लिहिणाऱ्यांनी ते मनापासूनच लिहिलं असावं असं मला अजूनही वाटतं. छोटीकडे याबद्दल दोन ओळी, त्यातही एक शुद्धलेखनाची चूक.

मग माझं बिनसलं कुठे? तर 'आधी तुम्ही खर्च करा, बिलं लावा, मग पैसे मिळतील' इथे.

मोठीकडच्या माझ्या वर्कशॉपला घरी शिलाईकाम करणाऱ्या बायका यायच्या, नगावर पैसे मिळवणाऱ्या, म्हणजे माझ्याकडे घालवलेले दोन तास हे त्यांचे बुडालेले दोन तास. त्याचं मानधन प्रोजेक्टच्या बजेटमध्ये धरलेलं होतं, कागदावर सगळं छान. तिसऱ्या दिवशी एकीनं जाता जाता चप्पल घालताना विचारलं, "दादा, आमचे पैसे आज का नंतर?" आता तिला काय सांगणार, की बाई, अकाउंट्सची फाइल फिरतेय? दिले खिशातून. कापड, प्रोजेक्टरचं भाडं, दुभाष्या मुलीचे पैसे, तेही आधीच खिशातून गेले होते. महिन्याभरानं फाइल परत आली, का तर बायकांच्या सहीचे कागद चालत नाहीत, छापील पावती पाहिजे. शिलाईवाली बाई छापील पावती कुठून आणणार हे मी विचारलं तर समोरचा माणूस बिचारा ओशाळला, त्याच्या हातात काही नव्हतं, ग्रांट देणाऱ्यांचे नियम असतात हे मलाही कळतं. पण माझ्याकडे थोडी बचत होती म्हणून मी तग धरला. ज्याच्याकडे नाही, ज्याला प्राधान्य द्यायचं म्हणून ते पान लिहिलंय, तो इथे अर्ज करून करणार काय?

छोटीकडे एकूण रक्कम बरीच कमी होती, लपवत नाही. पण करारावर सही झाली त्याच दिवशी निम्मे पैसे हातात, आणि येणाऱ्या बायकांना त्याच संध्याकाळी पाकीट, वहीत सही घेऊन. कुणाला किती मिळणार याचा कागद दाराशेजारी चिकटवलेला, माझी फीसुद्धा त्यात, पहिल्या दिवशी जरा अवघडल्यासारखं झालं खरं.

फीची बाब काही नवीन नाही. कॅनडात कारफॅक ही कलाकारांची संघटना १९६८ पासून यासाठी भांडतेय, आणि तिथं १९८८ च्या कॉपीराइट दुरुस्तीत कलाकाराला प्रदर्शनाचा हक्कच मिळाला, म्हणजे काम लोकांसमोर मांडायचं तर त्याची परवानगी लागते आणि तो त्याचे पैसे मागू शकतो (विक्रीसाठी मांडलेलं काम सोडून). न्यूयॉर्कचा वेज हा कलाकारांच्या फीसाठीच झगडणारा गट २००८ चा. तो २०१४ पासून ना-नफा संस्थांना सर्टिफिकेट देतो, आणि संस्थेच्या वर्षाच्या खर्चावरून कलाकाराची किमान फी ठरते. म्हणजे संस्था मोठी तर फीही मोठी, हे मला पटतं. मोठ्या संस्थेशी बोलताना याचा दाखला जरूर द्या.

कम्युनिटीचं म्हणणं कोण ऐकतं, यातही मला फरक दिसला. मोठीकडे सल्लागार समिती होती, मीटिंग कामाच्या दिवशी सकाळी अकराला, आणि येणाऱ्याला पैसे नाहीत. नोकरदार माणूस येणार कसा? छोटीकडे पुढचे कलाकार निवडणाऱ्या पाच जणांत तिथं येणाऱ्या बायकांपैकी एक होती, आणि तिनं माझ्या मित्राचं प्रपोजल उडवलं (मला विचाराल तर बरोबरच). अमेरिकेत ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या वस्तीत १९९३ साली सात कलाकारांनी बावीस जुनी घरं हाती घेऊन प्रोजेक्ट रो हाउसेस सुरू केला, तिथं काही घरांत कला आणि काही घरांत शिकणाऱ्या एकट्या तरुण आया मुलांसकट राहायला. म्हणजे शेजारची माणसं नुसती बघायला बोलावलेली नाहीत. छोट्या जागा सगळ्या अशा असतात असं मात्र मुळीच नाही, काही तर निव्वळ मित्रमंडळं असतात.

तुमचे पैसे सहा महिने अडकले तरी चालणार असेल तर मोठी वाईट नाही, काम देखणं उभं राहील. फक्त सही करण्याआधी अ‍ॅडव्हान्स किती आणि लोकांना पैसे कोण, कधी, कसल्या पावतीवर देणार हे लेखी घ्या. छोटीकडे गेलात तर इन्शुरन्सचं विचारा, तिथं तो बहुतेक नसतोच. मी पुढचा प्रोजेक्ट परत छोटीकडेच करतोय. ड्रिल मशीन आता स्वतःचं घेतलंय.