अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी: पोस्टग्रेसक्यूएलचे ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’

क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मंदावली की इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) वाढवायचा, ही माझी अनेक वर्षांची सवय पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ने मोडली. हे साधन क्वेरी खरोखर चालवते आणि प्लॅनच्या (क्वेरी चालवण्याच्या आराखड्याच्या) प्रत्येक टप्प्यावर प्लॅनरने, म्हणजे तो आराखडा ठरवणाऱ्या भागाने, धरलेल्या ओळी व प्रत्यक्षात आलेल्या ओळी शेजारी शेजारी दाखवते. माझ्या मते या दोन आकड्यांतील तफावत आधी पाहावी, वेळ नंतर.

समजा, ३५,८०,००० ओळींच्या टेबलात जिल्हा आणि तालुका असे दोन रकाने आहेत. महाराष्ट्रातील ३६ जिल्हे आणि ३५८ तालुके यांत नोंदी ढोबळमानाने सारख्या विभागलेल्या धरल्या, तर हवेली तालुक्याच्या सुमारे १०,००० ओळी निघतील. मात्र ‘जिल्हा पुणे आणि तालुका हवेली’ अशी अट घातली की, हवेली पुण्यातच आहे हे ठाऊक नसलेला प्लॅनर दोन्ही अटी स्वतंत्र मानून शक्यतांचा गुणाकार करतो आणि सुमारे २७८ ओळींचा अंदाज बांधतो. हे टेबल दुसऱ्या टेबलाशी जोडायचे असेल, तर इतक्या थोड्या ओळींसाठी त्याला नेस्टेड लूप, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोध, स्वस्त वाटू शकतो, आणि मग आतला टप्पा १०,००० वेळा फिरतो. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून असलेल्या ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने रकान्यांचे हे नाते नोंदवून ‘अ‍ॅनालाइझ’ (आकडेवारी गोळा करणारी वेगळी आज्ञा) चालवले की अंदाज सुधारतो. नुसत्या जोड-इंडेक्सने (दोन्ही रकान्यांवर मिळून केलेल्या) तो सुधारत नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची रीत येथे वेगळी आहे. जोड-इंडेक्स असेल तर त्याचा ऑप्टिमायझर (तेथील प्लॅनर) त्या इंडेक्समध्येच डोकावून ओळी किती असतील हे ठरवतो, आणि ही सोय मला मनापासून आवडते. त्यात ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ मात्र २०१९ मध्ये, ८.०.१८ या आवृत्तीत आले. एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसचे ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ टेबल पूर्ण वाचले जाणार की इंडेक्सने शोधले जाणार, एवढेच प्रामुख्याने सांगते; प्रत्यक्ष ओळी किंवा वेळ देत नाही.

पोस्टग्रेसक्यूएलच्या साधनाबाबत दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. क्वेरी खरोखर चालत असल्यामुळे ‘डिलीट’ किंवा ‘अपडेट’ तपासताना ती ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच मान्य किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटात) घालून शेवटी ‘रोलबॅक’ (रद्द) करावे, नाहीतर माहिती खरोखरच बदलेल. दुसरे म्हणजे, आतल्या टप्प्याचा वेळ एका फेरीच्या सरासरीने छापलेला असतो, तेथे ०.०२ मिलिसेकंद दिसले तरी १०,००० फेऱ्यांनी गुणल्यावर ते २०० होतात, आणि हा गुणाकार वाचणाऱ्यालाच करावा लागतो.