मांजरातील मूत्रपिंड प्रत्यारोपण: लगेच जोडावे की थंड जपून ठेवावे?

दाता मांजराचे मूत्रपिंड काढल्याबरोबर ग्राही मांजराला जोडायचे, की थंड द्रावणात काही तास जपून मग जोडायचे, हे नव्या पथकाने बरेच आधी ठरवायला हवे, कारण किती हात लागणार हे त्यावरच अवलंबून असते.

लगेच जोडायचे असेल तर दोन पथके एकाच वेळी कामाला लागतात. ग्राहीचे पोट उघडून महाधमनी आणि महाशीर मोकळी झाल्यावरच दात्याचे मूत्रपिंड सोडवले जाते. ग्राहीची प्रकृती भुलीखाली ढासळली, तर निरोगी दात्याचा अवयव व्यर्थ जात नाही, आणि माझ्या मते हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र रक्तपुरवठा तुटताच उबदार मूत्रपिंडाची हानी सुरू होते. जेमतेम एक-दोन मिलिमीटरची धमनी सूक्ष्मदर्शकाखाली शिवताना चुकलेला टाका उसवून पुन्हा घालण्याइतकी उसंत मिळत नाही.

ती उसंत थंडाव्यामुळे मिळते. मांजराचे मूत्रपिंड सात तासांपर्यंत थंड ठेवून यशस्वीपणे जोडता येते, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्यामुळे एकच पथक आधी दात्याचे आणि मग ग्राहीचे काम करू शकते. धमनीतून थंड द्रावण सोडले, की गडद तांबूस मूत्रपिंड बघता बघता फिकट पडते. शिरेतून स्वच्छ द्रावण येईपर्यंत थांबावे, आणि एखादा पट्टा लालच राहिला तर तेथे द्रावण पोहोचलेले नाही असे समजावे. नंतर ते द्रावणाच्या भांड्यात ठेवून भांडे बर्फात ठेवतात. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देत नाहीत.

थंडीत पेशींचा, आतील क्षार-पाण्याचा तोल राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावून त्या फुगू लागतात, म्हणून द्रावणात पेशीत न शिरणारे सुक्रोजसारखे रेणू लागतात. मानवी अवयवांसाठी विकसित झालेले विस्कॉन्सिन विद्यापीठाचे द्रावण दाट असून त्यात पोटॅशियम भरपूर असते. ते नीट धुऊन न काढता रक्तवाहिन्यांना लावलेले चिमटे सोडले, तर आधीच आजारी असलेल्या लहान प्राण्याच्या हृदयावर ताण येऊ शकतो. सुक्रोज-फॉस्फेट द्रावण पातळ आणि साधे असल्याने मी मांजरासाठी तेच निवडेन.

सूक्ष्मशस्त्रक्रियेत मुरलेला एकच शल्यचिकित्सक असेल, तर थंड जतनाचाच मार्ग घ्यावा. परंतु येथे दात्यावर आधी शस्त्रक्रिया होते, म्हणून ग्राहीच्या हृदयाची, रक्तदाबाची आणि संसर्गाची तपासणी आदल्या दिवसापर्यंत पुरी झालेली असावी. शिवण चालू असतानाही मूत्रपिंड उबदार होतच असते. त्यावरील थंड सलाइनमध्ये भिजवलेले गॉज बदलत राहण्यासाठी एक साहाय्यक वेगळा नेमावा.