किनाऱ्यावरची पोलीस भरती अकादमी: मैदान पक्कं, लेखी कच्चं

रत्नागिरीच्या दक्षिणेला समुद्रालगत ही अकादमी चालते. चालवणारे सर आधी फौजेत होते, मग माजी सैनिकांच्या १५ टक्के समांतर आरक्षणातून पोलिसात गेले, आता राजकारणात आहेत. तिन्हींची छाप अकादमीवर आहे. पहिल्या दोन्हींचा मुलांना फायदाच होतो.

धावण्याची तयारी उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे ओहोटी असते, तेव्हा ओल्या, घट्ट रेतीवर पळवतात. अष्टमीला त्याच वेळी पाणी चढलेलं असतं आणि उरते ती सुकी पुळण. तिच्यात पाय रुततो, पोटऱ्या भरतात, म्हणून त्या दिवशी मैदानावर नेतात. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एकाच दिशेने पळत राहिलं की एका घोट्यावर नि कमरेवर ताण येतो. इथे जितकं जाणं तितकंच येणं, हा नियम कुणाला मोडू देत नाहीत. पण रेतीवरची वेळ खरी धरायची नाही. मुलांना १६०० मीटरचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. त्याची चाचणी आखलेल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर, चार फेऱ्यांचीच हवी, आणि ती इथे दर आठवड्याला होते.

गोळाफेकीला मुलांसाठी ७.२६० किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचा, असे वेगळे गोळे आहेत. गोळा तळव्यात नाही, बोटांच्या मुळाशी धरायचा आणि मानेला टेकवायचा. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो, अंतर घटतं आणि खांदा दुखावतो. सर प्रत्येकाचं कोपर स्वतः हाताने उचलून दाखवतात.

कागदपत्रांत पोलिसातला अनुभव कामी येतो. नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे उन्नत गटात नसल्याच्या दाखल्याची, मुदत जाहिरातीतल्या तारखेशी ताडून बघतात. दाखल गुन्हा लपवू नका, हे पहिल्याच दिवशी बजावतात, कारण साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीचा अर्ज) भरल्यावर पडताळणीत तो निघतोच आणि झालेली निवड रद्द होऊ शकते.

लेखीकडे मात्र दुर्लक्ष आहे, आणि ते आम्हाला गंभीर वाटतं. मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं. अंकगणित आणि बुद्धिमत्तेला रोजचा सराव लागतो. इथे तास ठरलेला नाही, सर दौऱ्यावर गेले की बुडतो. अग्निवीरची तयारी करणाऱ्यांचं नुकसान अजून मोठं, कारण तिथे लेखी आधी असते आणि मैदान नंतर. निवडणुकीच्या दिवसांत सभेच्या खुर्च्या मांडायला मुलांना नेतात, हे तर अजिबात पटत नाही. फी भरून आलेली मुलं कार्यकर्ते नव्हेत.

दम आणि शिस्त कमी पडत असेल त्याने इथे जरूर यावं. प्रवेश घेताना लेखीचं वेळापत्रक कागदावर मागून घ्या, आणि गणितासाठी वेगळा क्लास धरा.