आठ महिने वापरल्यावर: फायरवॉल पक्की, डॉक्युमेंटेशन मात्र तपासून घ्या

आमच्या तिन्ही ऑफिसांत आठ महिन्यांपासून एकच ओपन सोर्स फायरवॉल चालू आहे. सॉफ्टवेअरबद्दल तक्रार नाही. ती एकदाही आपोआप बंद पडलेली नाही आणि अपडेटही सुरळीत होतात. माझा वेळ खाल्ला तो डॉक्युमेंटेशनने.

सगळ्यात महागात पडलं आयपीसेकचं (ऑफिसं इंटरनेटवरून एन्क्रिप्टेड टनेलने जोडण्याच्या पद्धतीचं) पान. टनेलसाठी 'यूडीपी पोर्ट 500, 4500 आणि 50 उघडा' असं तिथे लिहिलं होतं. 50 हा पोर्ट नाहीच. तो ईएसपीचा (टनेलमधला एन्क्रिप्ट केलेला डेटा वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलचा) प्रोटोकॉल क्रमांक, जसा टीसीपीचा 6 आणि यूडीपीचा 17. ईएसपीला पोर्ट नसतातच. पहिल्या टनेलला ही चूक कळलीच नाही, कारण तिथलं एक टोक नॅटच्या (अनेक यंत्रांना एकच पब्लिक आयपी वापरू देणाऱ्या सोयीच्या) मागे होतं आणि नॅट सापडलं की ईएसपी यूडीपी 4500 मध्ये गुंडाळून पाठवलं जातं. पान लिहिणाऱ्यानेही बहुधा नॅटमागेच तपासलं असावं.

दुसऱ्या टनेलला दोन्हीकडे थेट पब्लिक आयपी. जोडणीचे दोन्ही टप्पे (फेज) पूर्ण, स्टेटस हिरवं, पण पिंग कधी पोचायचं, बहुतेक वेळा नाही. दोन संध्याकाळी मी की, लाइफटाइम आणि सबनेट पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. शेवटी वॅन (इंटरनेटकडच्या) इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला. समोरून ईएसपीची पॅकेट एकामागून एक येत होती, सीक्वेन्स नंबर वाढत होता, आणि आमचीच फायरवॉल ती टाकून देत होती. दोन्हीकडून एकाच सुमारास ट्रॅफिक निघालं तरच स्टेट (चालू जोडणीची फायरवॉलमधली नोंद) तयार होऊन काम व्हायचं, म्हणून ते अधूनमधून चालायचं. नियमात यूडीपीच्या जागी ईएसपी निवडलं, पोर्टचा रकाना रिकामा केला आणि पिंग सुरू झालं.

याहून वाईट म्हणजे, मधल्या काळात वैतागून मी 'सगळीकडून सगळीकडे परवानगी' असा तात्पुरता नियम टाकला होता. तो नऊ दिवस तसाच राहिला. फायरवॉलच्या मॅन्युअलमधली चूक म्हणूनच मला साधी वाटत नाही: नियम चालला नाही की माणूस दार सताड उघडतो, आणि उघडं दार कुठलाही एरर दाखवत नाही.

आयपीव्ही6 च्या (आयपीच्या नव्या आवृत्तीच्या) पानावर 'सुरक्षेसाठी सगळं आयसीएमपी ब्लॉक करा' असा सल्ला आहे; आयसीएमपी म्हणजे पिंग, एरर वगैरे नेटवर्कचे निरोप. हा सल्ला अजिबात पाळू नका. शेजारचं यंत्र शोधण्याचं कामच आयसीएमपीव्ही6 करतं (टाइप 135 आणि 136), आणि 'पॅकेट फार मोठं' हा टाइप 2 चा निरोप अडला की साइट अर्धवट लोड होऊन लटकतात. कोणते टाइप सोडायचे ते आरएफसी 4890 या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात 2007 पासून लिहिलेलं आहे.

स्क्रीनशॉट जुने आहेत, त्याचं एवढं वाटत नाही. मेनू शोधला की सापडतो.

आयपीसेकच्या पानाची दुरुस्ती मी टीसीपीडम्पच्या ओळींसकट पाठवली. चार दिवसांत ती स्वीकारली गेली आणि 'प्रोटोकॉल 50, पोर्ट नव्हे' असं आता तिथे ठळक अक्षरांत आहे. आयपीव्ही6 ची दुरुस्ती अजून पडून आहे.