वाढत जाणारी घरं: बेलापूर की अरण्य?

बेलापूर आणि अरण्य, दोन्ही वसाहतींमागचा विचार एकच: घर पुरं बांधून द्यायचं नाही, वाढायला जागा ठेवायची. नवी मुंबईत, हे शहर वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरची वसाहत आखली, तर इंदूरमधलं अरण्य वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचं.

बेलापूरचं मूळ एकक आहे अंगण. सुमारे ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती ७ घरं. असे तीन गट मिळून २१ घरं आणि मध्ये १२ बाय १२ मीटरची मोकळी जागा. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणून वाढवताना कुणाला विचारावं लागत नाही. उतरतं छप्पर पावसाला छान, पण वर मजला चढवायचा तर तेच आधी काढावं लागतं. अनेकांनी मग अख्खं घरच पाडून काँक्रीटचं उभं केलं.

अरण्यमध्ये सुमारे ६,५०० भूखंड. सर्वांत लहान ३५ चौरस मीटरच्या आसपास. त्यावर जोतं, शौचालय, पाण्याची सोय, बाकी ऐपतीप्रमाणे. नमुन्यादाखल फक्त ८० घरं बांधली. दहा घरांचा एक गट रस्त्याकडे तोंड करून, मागे अंगण, आणि २० घरांमागे एक सेप्टिक टाकी. टाकीचा उपसा सामाईक, त्यामुळे खर्च वाटून घ्यायची शिस्त नसेल तर तुंबलीच म्हणून समजा.

हाती पैसा तुटपुंजा असेल, तर अरण्यची पद्धत बरी. शेजार जमवायचा असेल, तर बेलापूरचा चौक सरस, फक्त गाड्या आत येऊ देऊ नयेत.