जलद पासिंगचा सराव: मार्कर मांडायचे की रोंडो?

फुटबॉलमध्ये जलद पासिंग शिकवायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक, वाय किंवा डायमंडच्या आकारात मार्कर, म्हणजे जमिनीवर खुणेसाठी ठेवायच्या चकत्या, मांडून ठरलेल्या क्रमाने चेंडू फिरवायचा. दुसरी रोंडोची: बाहेर चार-पाच जण चेंडू आपसात फिरवत ठेवतात, आत दोन डिफेंडर तो हिसकावायला बघतात. मी दोन्ही वापरत आलोय आणि दोन्ही पूर्णपणे सोडायला अजूनही तयार नाही.

मार्करची बाजू कच्ची नाही. नवख्या पोरांचा पास देताना घोटा ढिला पडतो, चेंडू उडत जातो. ते इथेच सुधारतं. डाव्या पायालाही हवं तितकं काम देता येतं. रांगेत उभं राहण्यात वेळ जातो खरा, पण दोन ड्रिल शेजारी-शेजारी लावले की तोही प्रश्न मिटतो.

मला खटकलं ते वेगळंच. पुढचा पास कुणाला, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे कुणी मान वळवून बघतच नाही. सरावात चेंडू सपासप फिरतो, बघणारा खूश होतो. सामन्यात तोच मिडफिल्डर आधी चेंडू घेतो, मग मान वर करतो, आणि तोवर पाठीमागून माणूस अंगावर आलेला असतो. बाहेरून ‘बघ, बघ’ ओरडून उपयोग होत नाही. ड्रिलमध्ये बघायची गरजच पडलेली नसते.

रोंडोत बघितल्याशिवाय निभाव लागत नाही. साधारण ८ बाय ८ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध दोन खेळवा. जवळच्या पायावर, अंग मिटून चेंडू घेतला की परत मागे देण्यापलीकडे काही उरत नाही, आणि डिफेंडर त्याच पासवर टपलेला असतो. अंग उघडं ठेवून लांबच्या पायावर घेतला की दोन्ही बाजू खुल्या राहतात. मग कधीतरी दोघांच्या बरोबर मधून पास निघतो. हे मला समजावून सांगावं लागत नाही, चेंडू गेला की पोराला कळतं. नेदरलँड्सचे दिग्गज खेळाडू योहान क्रॉइफ १९८८ मध्ये प्रशिक्षक म्हणून बार्सिलोना क्लबमध्ये परतले आणि त्यांच्या सरावात रोंडो रोजचा होता, तो उगाच नव्हे.

त्रास रोंडोतही आहे. कच्चा खेळाडू आतच अडकून पडतो आणि खचतो, म्हणून ‘ज्याने चेंडू गमावला तो आत’ असं न करता मी ठरावीक वेळाने डिफेंडर बदलतो. वन-टचची, म्हणजे एकाच स्पर्शात पास देण्याची, सक्तीही सहसा करत नाही. सक्ती केली की पोरं न बघता चेंडू ढकलून मोकळी होतात. शिवाय रोंडोला गोलची दिशा नसते, त्यामुळे सत्राच्या शेवटी दोन गोल लावून छोटा सामना हवाच.

तुमची पोरं अगदीच नवखी असतील, दहा मीटरवर सरळ पास जात नसेल, तर कदाचित काही आठवडे मार्करच बरे. एकदा पास सरळ जायला लागला की मात्र मी मार्कर वॉर्म-अपपुरते ठेवीन आणि उरलेला वेळ रोंडोला देईन. सुरुवातीला पोरं सारखी चेंडू गमावत असतील तर चौकोन दोन मीटरने वाढवा, डिफेंडर कमी करू नका.