नवशिक्यांचे ‘स्लो सेशन’: डब्लिनमधील एका साप्ताहिक बैठकीविषयी

आयरिश पारंपरिक संगीत नुसते ऐकण्याऐवजी स्वतः वाजवून पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांनी पबमधल्या मोठ्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांनी जमून एकत्र वाजवण्याच्या बैठकीत, जाऊन बसण्याआधी एखादे ‘स्लो सेशन’ गाठावे, असे मी आग्रहाने सांगेन. डब्लिनच्या दक्षिण भागात एका पबच्या मागच्या खोलीत दर आठवड्याला दीड तास भरणाऱ्या अशा बैठकीला मी बरेच महिने जात आहे आणि हा अभिप्राय तिच्याविषयी आहे.

नेहमीच्या सेशनमध्ये नवशिक्याला शिरकाव का मिळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. बहुतेक धुनांचे आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो, सबंध धून साधारण तीन वेळा होते आणि मग क्षणभरही न थांबता सगळे पुढच्या धुनेवर जातात. जिग या नाचाच्या धुनेचा वेग मिनिटाला 110 ते 120 ठोक्यांच्या घरात असतो आणि समोर कोणाच्याही कागद नसतो. स्लो सेशनमध्ये हीच रीत ठेवून वेग निम्म्यावर आणतात, धून तीनऐवजी पाच-सहा वेळा फिरवतात आणि पुढची कोणती हे आधी सांगतात.

आमच्या मार्गदर्शक बाई फिडल (व्हायोलिन) वाजवतात आणि त्यांची शिकवण्याची पद्धत पूर्णपणे कानावर बेतलेली आहे. ‘द केश’ ही ‘जी मेजर’ या स्वरपट्टीतली जिग त्यांनी कशी बसवून घेतली ते सांगतो. ‘जी’ हा सूर षड्ज धरला, तर तिची सुरुवात ‘सारेसा सारेग, रेगरे रेगप’ अशी होते. एवढाच तुकडा त्यांनी वाजवला, मग सर्वांकडून तो तोंडाने म्हणवून घेतला आणि त्यानंतरच वाद्ये उचलायला सांगितली. मधला एक सूर कोणाला सापडला नाही, तर त्या नाव सांगत नाहीत, तो तुकडा पुन्हा वाजवतात. पहिला भाग पुरा होईपर्यंत अर्धा तास गेला, पण घरी परतताना ती धून जिभेवर होती. नोटेशन हवे असलेल्यांना बैठक संपल्यावर ते मिळते, आधी नाही, आणि हा क्रम मला अगदी योग्य वाटतो.

या बैठकीचे खरे मोल मात्र लयीकडे दिलेल्या लक्षात आहे. वेग कमी केला की धून सपाट होण्याचा धोका असतो. जिगच्या सहा मात्रा तीन-तीन अशा पडतात, त्यामुळे दादरा ऐकलेल्या कानाला ती पटकन ओळखीची वाटते. परंतु तिनातली पहिली मात्रा किंचित लांबवून दुसरी आखडती घेतली, तरच तिच्यात नाचाचा डौल येतो. बाई सर्वांना पायाने ठेका धरायला लावतात, एखादा तुकडा मुद्दाम समान मात्रांनी आणि लगेच डौलाने वाजवून दाखवतात, आणि ज्यांचा ठेका डगमगतो त्यांना कट किंवा रोलसारखे अलंकार चक्क थांबवायला सांगतात. कित्येक ठिकाणी नवशिक्यांना अलंकारांच्याच मागे लावले जाते. येथे आधी नाच सांभाळला जातो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

वाद्य म्हणून डी सुराची टिन व्हिसल (सहा छिद्रांची छोटी धातूची बासरी) सर्वांत सोयीची. ती पंधरा युरोंच्या आसपास मिळते आणि डी व जी मेजर या सेशनमध्ये सतत येणाऱ्या स्वरपट्ट्या तिच्यावर सहज वाजतात. शुद्ध सी काढण्यासाठी वरचे पहिले छिद्र उघडे ठेवून दुसरे-तिसरे झाकायचे असते, तेवढेच थोडे घोटावे लागते.

उणिवाही सांगायला हव्यात. पंचवीस माणसे आली की खोली अपुरी पडते आणि व्हिसलच्या वरच्या सप्तकाखाली फिडल व कॉन्सर्टिना (भात्याचे छोटे हातवाद्य) बुडून जातात. वाद्य पहिल्यांदाच हातात घेणारे आणि इतर संगीतात वर्षानुवर्षे मुरलेले एकाच वर्तुळात बसवल्याने पहिल्यांची फरफट होते. अगदी नवख्यांसाठी आधी वीस मिनिटे वेगळी ठेवणे अशक्य नाही. बाउरान हे चर्मवाद्य एका वेळी एकानेच वाजवावे हा सेशनचा शिष्टाचारही येथे सैल सुटतो, आणि तीन बाउरान एकदम सुरू झाले की बाईंनी घडवलेली लय विस्कटते.

तरीही शुल्काच्या मानाने मिळते ते पुष्कळ आहे. डब्लिनबाहेर राहणाऱ्यांनी 1951 मध्ये स्थापन झालेल्या ‘कोल्टस’ या आयरिश पारंपरिक संगीताच्या संस्थेच्या जवळच्या शाखेत चौकशी करावी, कारण तिचे जाळे देशभर आहे. सलग आठवडाभर शिकायचे असेल, तर काउंटी क्लेअरमधील मिलटाउन मालबे येथे जुलैमध्ये पाइपवादक विली क्लॅन्सी यांच्या नावाने भरणारी, 1973 मध्ये सुरू झालेली उन्हाळी शाळा आहे. आमच्या बैठकीला यायचे असेल, तर सत्राच्या आरंभी, सप्टेंबरमध्येच या. नोव्हेंबरपर्यंत दहा-बारा धुना पुढे गेलेल्या असतात आणि त्या पुन्हा पहिल्यापासून घेतल्या जात नाहीत. ध्वनिमुद्रणास परवानगी आहे, तेव्हा फोन पुरेसा चार्ज करून आणावा.